अल ऐनचं गलबत

आमच्या घरात सोफा नव्हता, शोकेस नव्हतं, पाहुणे आले की गादीवर धुतलेली चादर अंथरायची. पण दारात एक अख्खी बस उभी होती. अल ऐनच्या सनइयात, म्हणजे गॅरेजवाले, टायरवाले, वेल्डिंगवाले यांच्या वस्तीत, एका मोठ्या आवाराच्या कोपऱ्यात आमच्या दोन खोल्या होत्या. आवाराच्या मधोमध ती पिवळी शाळेची बस. पहिलीत मी त्याच बसने गेले आणि सातवीपर्यंत त्याच बसने जात राहिले, कारण तिचे ड्रायव्हर माझे अब्बा होते. बाकीची मुलं त्यांना अंकल म्हणत, म्हणून बसमध्ये मीही अंकलच म्हणत असे. एकदा घरी तोंडातून चुकून तेच निघालं तेव्हा अम्मीने लाटणं उगारलं होतं.

मग शाळेने नव्या बसगाड्या घ्यायच्या ठरवल्या आणि सगळं काम एका कंत्राटदाराकडे दिलं. तो आपले ड्रायव्हर घेऊन आला. अब्बांना हिवाळ्यापर्यंत बदली ड्रायव्हर म्हणून ठेवलं, पुढचं काही सांगितलं नाही. जुनी बस आमच्या आवाराच्या मालकाने विकत घेतली. त्याला सगळे अरबाबच म्हणत, म्हणजे नुसतं मालक. खरं नाव मला कधी कळलंच नाही. हिवाळा आला की हे लोक वाळवंटात तंबू ठोकून राहायला जातात. अरबाबची आई म्हातारी झाली होती, गुडघे गेले होते, जमिनीवर बसता येईना. पण वाळवंटात जायचा हट्ट सुटत नव्हता. तिच्यासाठी त्याला चाकांवरचं घर हवं होतं. अब्बांना तो म्हणाला, "गाड़ी घर के माफिक बनाओ. मामा को पसंद आया तो ड्राइवर तुम, वीज़ा मेरा. नहीं आया तो खलास." मामा म्हणजे त्याची आई. ही सगळी बोलणी आमच्या दारात उभ्याने झाली आणि अम्मी आत भाकरी थापता थापता थांबून ऐकत होती, एवढं मला आठवतं. भाकरी करपली. तिने तीच अब्बांना वाढली आणि त्यांनी ती सगळी खाल्ली.

नाना त्याच्या थोडे आधी आमच्याकडे आले होते. नाना म्हणजे अम्मीचे वडील, रत्नागिरीकडच्या एका खाडीवर गलबतं बांधणारे. नानी गेल्या, खाडीवर फायबरच्या होड्या आल्या, आणि नाना ओटीवर नुसते बसून राहायला लागले. अम्मीने रडून रडून त्यांना व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. पहिल्या संध्याकाळी त्यांनी आवाराला एक चक्कर मारली, भिंतीवरून पलीकडे पाहिलं आणि विचारलं, "पाणी कुठल्या बाजूला?" अम्मी म्हणाली, समुद्र इथून गाडीने दीड तास. नानांनी अम्मीकडे असं पाहिलं की जणू तिने त्यांना फसवून आणलं होतं. पुढचे कित्येक दिवस ते भिंतीशी खुर्ची टाकून बसत, आणि शेजारच्या गॅरेजमधल्या ग्राइंडरचा आवाज सुरू झाला की कानावर हात ठेवत.

अब्बांशी ते फारसं बोलत नसत. नाना ज्या जगातले होते तिथे माणसं दोन प्रकारची होती, दर्यावर जाणारी आणि उरलेली. अब्बा उरलेल्यांत. निकाहाच्या वेळी नानांनी होकार दिला तो नानींच्या हट्टापायी, हे अम्मी हसत हसत सांगायची, पण अब्बा समोर असले की सांगायची नाही. नाना त्यांना नावाने हाक मारत नसत, जावईसुद्धा म्हणत नसत. "तुझा ड्रायव्हर आला का?" असं अम्मीला विचारत. अब्बा ते ऐकत, हात-पाय धुऊन जेवायला बसत. मला मात्र ते झोंबायचं, कारण अब्बा गाडी चालवत तेव्हा मागच्या सीटवर झोपलेलं पोर वळणावरसुद्धा जागं व्हायचं नाही.

तरीही अरबाब गेल्यावर नानांचं नाव काढलं ते अब्बांनीच. म्हणाले, "दुबईच्या कंपनीला दिलं तर ते प्लायवूड ठोकून मोकळे होतील. नाना, तुम्ही बघाल का?" नाना उठले, बसपाशी गेले, बोटाच्या पेराने पत्र्यावर ठक ठक वाजवत एक पूर्ण फेरी मारली. मग म्हणाले, "हिची पाठ बरी आहे." आणि त्या रात्री जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा आमटी मागितली. अम्मी आत जाऊन पदराने डोळे पुसून आली.

आधी सीटा निघाल्या. अब्बा नट सोडवत आणि मी डब्यात गोळा करी. सीटांखाली काय काय निघालं! पेन्सिली, वाळून दगड झालेली च्युइंगगम, मण्यांची एक बांगडी, डाव्या पायाचा छोटा बूट. शेवटची सीट बाहेर गेली आणि मी आत उभी राहिले तेव्हा अंगावर काटा आला. इतकी वर्षं ज्या गाडीत दाटीवाटीने बसलो, चिमटे काढले, डबे सांडले, ती आतून एवढी मोठी होती? खिडक्यांतून दोन्ही बाजूंनी ऊन आत येत होतं आणि माझ्या पावलांचा आवाज घुमत होता. नाना मागच्या बाजूला उकिडवे बसून वितीने जमीन मोजत होते. त्यांच्याकडे टेप नव्हता. अरबाबने आणून दिलेला नवा कोरा टेप त्यांनी मला खेळायला दिला.

त्यांनी मापासाठी एकच निरोप पाठवला: म्हातारीची उंची किती, आणि ती कुठल्या कुशीवर झोपते? मला वाटलं अरबाब चिडेल. पण दोन दिवसांनी त्याने एक लाल दोरा आणून दिला. त्याच्या आईने स्वतःच्या उंचीइतका तोडून दिला होता, आणि गुडघ्याच्या जागी एक गाठ मारली होती, म्हणजे बसायची फळी किती उंच हवी ते कळावं. सोबत निरोप, उजव्या कुशीवर. नानांनी तो दोरा दोन्ही हातांत ताणून धरला आणि इतके खूश झाले की मला वाटलं आता नाचतात. "ही बाई शहाणी आहे," म्हणाले. त्या देशात त्यांना पसंत पडलेलं ते पहिलं माणूस, आणि त्यांनी तिला कधी पाहिलं नाही.

मग सागाच्या फळ्या आल्या आणि मी शाळेतून आले की दप्तर टाकून बसमध्ये. आजही नव्या सागाचा वास आला की मी जिथे असेन तिथे थांबते; दुबईत मरीनातल्या आमच्या ऑफिसात कुणीतरी नवं टेबल आणलं तेव्हा मी लिफ्टच्या दारात उभी राहिले आणि मागच्या माणसाने तीनदा एक्स्क्यूज मी म्हटलं. नाना वाकस चालवत, ती छोटी वाकडी कुऱ्हाड, आणि सालं अशी सुटत की उचलून पाहावं तर पलीकडचं दिसावं. बसच्या कुशी वर जाऊन आत वळतात, तिथे सरळ फळी बसणार कशी? नानांनी आवारात दोन दगडांवर फळी ठेवली, वर भिजवलेलं गोणपाट, खाली मंद विस्तव, आणि एका टोकाला वजन टांगलं. आम्ही दोघं बाजूला बसून राहिलो. ते अधूनमधून पाणी शिंपडत. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजापर्यंत ती जाडजूड फळी आपसूक वाकली, कण्हली नाही, तडकली नाही. नानांनी ती नेऊन बसच्या कुशीला लावली आणि ती तिथे जाऊन बसली. मी आयुष्यात बरंच काही पाहिलं, जगातली सगळ्यात उंच इमारत माझ्या डोळ्यांसमोर वर चढली. पण तोंडात बोट घातलं ते त्या दिवशी.

खिळा त्यांनी वापरला नाही. लाकडाच्याच खुंट्या, सुरीने तासलेल्या. मी म्हटलं, "नाना, खिळा का नको? इथं गंजायला पाऊसच पडत नाही." ते म्हणाले, "गाडी आज इथं आहे गो बाय. उद्या कुठं जाईल, तुला काय माहीत?" दुपारचं जेवण आम्ही बसमध्येच करायचो. तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी, नानांनी गावाहून आणलेल्या आमसुलांचं सार. खिडक्यांना ओली चादर लावलेली असायची, शेजारचं गॅरेज जेवणाला बंद झालेलं असायचं, आणि त्या शांततेत नाना मला गलबताच्या भागांची नावं सांगत. ओटीवर दगड होऊन बसलेला म्हातारा तो हाच, यावर माझा विश्वास बसत नसे.

लाकडी जमीन बसवायच्या आधी अब्बांनी बस एकदा आवाराबाहेर फिरवून आणली. नाना आत उभे होते. वळणावर गाडी थोडी डोलली, जशी कुठलीही रिकामी बस डोलते. नानांचा चेहरा उतरला. "रिकामी आहे. हिला नीरम पाहिजे," ते म्हणाले. माल नसलेलं गलबत उलटू नये म्हणून तळाला दगडवाळू भरतात, ते नीरम. अब्बा हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "नाना, चार चाकांवर आहे ती. उलटायला काय खाडीत उतरवायचीय?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर त्यांनी बासमतीची रिकामी पोती गोळा करून ठेवली होती. अब्बा ड्युटीवर, अम्मी जरा आडवी झालेली. आवारामागे बांधकामाचा वाळूचा ढीग होता. नाना पोती भरत, मी दाभण आणि सुतळीने तोंडं शिवत असे, आणि आम्ही दोघं ती ओढत बसमध्ये नेत असू. नव्या जमिनीखाली वीतभर पोकळी होती, ती रोज थोडी थोडी भरत गेली आणि वरून फळ्या बसत गेल्या. फळीला फळी अशी की मधून नख जाऊ नये. "बापाला सांगू नको," नाना म्हणाले. "तो हसेल." मी कशाला सांगते? बारा-तेराव्या वर्षी कुणी मोठ्या माणसाने आपल्याला गुपितात घ्यावं याहून मोठं काय असतं? माझे हात सोलवटले होते आणि मी ते अम्मीपासून अभिमानाने लपवत होते.

हे मी परवा डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरी लेकीला सांगितलं. ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "मम्मा, दॅट्स लाइक अ टन ऑफ सँड. डिडंट यू थिंक?" नाही बाई, केला नाही विचार. नानांनी बांधलेलं काहीही चुकीचं असू शकतं हे मला माहीतच नव्हतं.

नानांच्या व्हिसाचे दिवस संपत आले आणि बस पूर्ण झाली. शुक्रवारी नमाजानंतर अरबाब पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यात आला. आईला आणण्याआधी तो स्वतः पारखणार होता. आपल्या अज़ब्यापर्यंत, म्हणजे उंट ठेवतात तिथपर्यंत जाऊन यायचं, नानांसकट आम्हा सगळ्यांना घेऊन. अम्मीने बिर्याणीचं पातेलं फडक्यात बांधून घेतलं होतं. अब्बा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्टिअरिंगवर बसले. रस्त्यावर बस कधी नव्हे ती जड चालत होती. अब्बांनी एकदा भुवया उंचावल्या. "सागवान आहे शेवटी," ते स्वतःशीच म्हणाले. मी पायाखालच्या फळ्यांकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले, कारण गाडी खरोखरच सुरेख चालली होती. डांबर संपून खडीचा रस्ता लागला तरी एक फडताळ उघडलं नाही, एक पेला वाजला नाही. अरबाबच्या हातातला चहा कडेपर्यंत आला नाही. तो बिछान्यावर हात फिरवत होता, वाकलेल्या फळ्यांवर हात फिरवत होता आणि "माशाल्ला, माशाल्ला" म्हणत होता. बाहेर वाळूच्या तांबड्या टेकड्या सुरू झाल्या होत्या. अम्मी खिडकीशी जाऊन बसली. इतकी वर्षं अल ऐनमध्ये राहून तिने एवढी वाळू प्रथमच पाहिली. ती म्हणाली, "या अल्ला." एवढं मोठं, एवढं मोकळं काही बघायची माझ्या डोळ्यांना सवय नव्हती.

अज़बा समोर दिसायला लागला आणि मऊ वाळूचा एक पट्टा आला. अब्बांनी आधी उतरून टायरमधली हवा कमी केली होती, वेग धरला होता, सगळं नीट केलं होतं. तरी पट्ट्याच्या मध्यावर बसने मान टाकली. मागची चाकं फिरली, खोल गेली. अब्बांनी उतरून हातांनी वाळू उपसली, पुन्हा चालवलं, गाडी आणखी खाली बसली. तिसऱ्या वेळेला ती जवळजवळ पोटावर आली. अरबाबही उतरला. त्याने चाकांकडे पाहिलं, मग अब्बांकडे. "इतना साल ड्राइवर, और रेत नहीं मालूम?" अब्बा पुन्हा चाकाशी वाकले. इस्त्रीच्या शर्टाला घामाचे नकाशे फुटले होते. अरबाब म्हणाला, "मेरी मामा इसमें बैठेगी, रफीक. तुम उसको इधर फसाएगा? गाड़ी अच्छा है. ड्राइवर मैं दूसरा देखेगा." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. अम्मी खिडकीत होती, तिने पातेल्यावरचं फडकं उगीचच सोडलं आणि पुन्हा बांधलं.

मी धावत आत गेले. नाना बिछान्याच्या कडेला शांत बसले होते, हात मांडीवर, तोंडावर समाधान. "नाना, गाडी रुतली!"

"बसली," ते म्हणाले. "ओहोटीला बसतंच गलबत. घाई करू नये. भरती आली की उठेल."

"नाना," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं, "इथं भरती येत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं, दूरपर्यंत. मला वाटतं तोपर्यंत त्यांच्या हातांना ते कुठे आहेत हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांचा चेहरा जो पडला तो मी कधी विसरणार नाही, आणि तो मी पाडला होता. पण दाराबाहेर अब्बा गुडघ्यांवर बसून वाळू उपसत होते, तेही मला दिसत होतं. मी खाली उडी मारली. "अब्बा, वाळू आहे!"

"दिसतेय मला."

"तशी नाही. गाडीच्या आत. जमिनीखाली. पोतीच्या पोती. मी आणि नानांनी भरली."

अब्बा उठून उभे राहिले. नाना दारात आले होते. मला वाटलं आता अब्बा बोलतील, इतक्या वर्षांचं सगळं बोलतील, आणि बोलले असते तर त्यात काही चूक नव्हती. त्यांनी नानांकडे पाहिलं आणि नुसतं विचारलं, "फळ्या निघतील का?"

नाना आत वळले. पटाशी आणि मोगरी घेऊन ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी आपलीच जमीन उचकटायला घेतली. खुंट्या एकेक करून सुटल्या. फळ्या अख्ख्या निघत होत्या, लांबच लांब, चकाकणाऱ्या, आणि प्रत्येक फळी अब्बांच्या हातात देताना नाना वर बघत नव्हते. खालची पोती बाहेर यायला लागली. अरबाब आधी नुसता बघत राहिला. "ये क्या है? चावल?" मी त्याला शाळेतल्या हिंदीत सगळं सांगितलं, गलबत, ओहोटी, नीरम. त्याने दोन्ही हात डोक्याला लावले. "रेत में रेत लाया!" मग तो हसत सुटला, कंदुऱ्याच्या बाह्या सारल्या, आणि एक पोतं खांद्यावर घेऊन वाळूत नेऊन टाकलं. दुसरं घेतलं. अम्मीसुद्धा ओढत होती.

गाडी हलकी झाली तरी चाकांखाली धरायला काही नव्हतं. अब्बांनी झुडपं शोधली, चटई घातली, ती फाटली. तेव्हा नानांनी काढून ठेवलेल्या फळ्यांतली मधली, सगळ्यात रुंद फळी उचलली. ती तासायला आणि घासायला त्यांना आठवडा लागला होता. ती त्यांनी स्वतः नेऊन मागच्या चाकाखाली सरकवली. मग दुसरी, मग आणखी, पुढे ओळीने. अब्बा म्हणाले, "नाना, मोडतील." नाना म्हणाले, "चालव."

आम्ही सगळे बाजूला झालो. अब्बांनी इंजिन चालू केलं आणि रेस वाढवली नाही. अगदी हळू, बालवर्गाच्या मुलांना उतरवताना सोडत तसा क्लच सोडला. चाक फळीवर चढलं. फळी खाली दबली, दबली, आणि थांबली. ती पिवळी अगडबंब गाडी वाळूतून वर येताना मी पाहत होते आणि श्वास घ्यायचा राहून गेला. एक फळी काडकन मोडली. नानांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते अब्बांच्या हातांकडे पाहत होते, स्टिअरिंगवर ज्या हातांनी ते गाडीला जरा डावीकडे, जरा उजवीकडे समजावत होते, त्या हातांकडे. बस पुढच्या फळीवर गेली, त्या पुढच्यावर, आणि पट्टा ओलांडून टणक जमिनीवर जाऊन उभी राहिली. अरबाब टाळ्या वाजवत "यल्ला! यल्ला!" ओरडत होता. मग तो खिडकीपाशी गेला, अब्बांच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "फर्श वापस लगाओ, रेत निकालो. मामा को तुम ही लेके जाएगा, इन्शाल्ला." अम्मी वाळूतच खाली बसली.

मोडलेली धरून सगळ्या फळ्या आम्ही आत ठेवल्या. सगळे चढले, नाना तेवढे खाली राहिले. आमच्याकडे गलबत बांधलेला माणूस ते पाण्यात जाईपर्यंत त्याच्यावर हवा तसा वावरतो, कुणाला विचारत नाही. एकदा तरलं की ते तांडेलाचं, ते चालवणाऱ्याचं. मग बांधणाऱ्यानेसुद्धा विचारूनच पाऊल टाकायचं. नानांनी पायरीपाशी चपला काढल्या आणि हातात घेतल्या. डोक्यावरची टोपी सारखी केली. सगळ्यांच्या देखत, अरबाबच्या देखत, त्यांनी अब्बांना विचारलं, "तांडेल, मी कुठं बसू?"

अब्बांना एवढी वर्षं मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले, उठून पायरीपर्यंत आले आणि नानांच्या हातातल्या चपला घेतल्या.